झडती

नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात
पप्पांनी चौतीस वर्षं काढली.
काम एवढंच: भिंगाखाली ताव धरायचा,
शाई फुटलीय का, आकडा सरकलाय का, बघायचं,
आणि चुकलेल्या नोटेवर खूण करून
तिला मरणाकडे पाठवायचं.

सुटीचा भोंगा झाला की फाटकाशी रांग.
हात वर. खिसे उलटे. डब्याचं झाकण उघडं.
चपलेच्या तळापर्यंत झडती.
दिवसभर कोट्यवधी हाताळलेला माणूस
रोज पुरावा देऊन बाहेर यायचा
की आपल्याकडे काही नाही.

एकदा सकाळी आत जातानाच यंत्र किंचाळलं.
खिशात नेलकटर. बिटको चौकातून नुकतंच घेतलेलं,
कागदाच्या पुडीतसुद्धा तसंच.
"उबाळे, हे कशाला?"
"उद्या रविवार आहे," पप्पा म्हणाले.
जवानाला काय कळणार.

शरणपूरच्या चर्चमधली उपासना संपली
की पप्पांची सायकल थेट सिव्हिलकडे वळायची.
ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्या खाटा
त्यांना नर्सपेक्षा पाठ.
उपदेश नाही, पत्रकं नाही.
परक्या म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेऊन
ती वाढलेली, पिवळी, दगडासारखी नखं
आधी कोमट पाण्यात भिजवायची,
मग कापायची, एकेक,
भिंगाखालच्या तावाइतक्या लक्षाने.
फक्त इथे कुणाला खूण करून
बाजूला काढायचं नव्हतं.

रविवारच्या जादा पाळीला दुप्पट पगार होता.
आईला हे माहीत होतं.
कॅलेंडरच्या पाठीवर तिने पेन्सिलीने मांडलेलं:
इतके रविवार, इतके ग्रॅम, दोन पाटल्या.
सराफ बाजारातून जाताना ती मान वळवायची नाही,
पण चाल मंदावायची.
एकदा मात्र कडाडली,
"तुमचं वरच्या वहीत जमा होतं म्हणे!
ती वही वाण्याकडे चालते का?"
पप्पा आमटीत भाकरी कुस्करत राहिले.
मी आईच्या बाजूची होते.
आजही पुरती त्यांच्या बाजूला गेलेली नाही,
खोटं कशाला बोलू.

मग त्या वर्षी पाचशेच्या नोटा
एका रात्रीत मेल्या.
मुदत टळून तीन महिने झाले, आणि आईला
बाजरीच्या डब्याच्या तळाशी
तिनेच दडवलेली पुरचुंडी सापडली.
अठरा नोटा.
एका पाटलीचा जेमतेम कोपरा.
ती ओट्याशी मटकन बसली.
पप्पांनी कपाटातून भिंग आणलं,
एकेक नोट खिडकीच्या उजेडात धरली, उलटली,
आणि अगदी कामावरच्या तोंडाने म्हणाले,
"छपाईत दोष नाही, रत्नमाला."

ती आधी नुसती बघत राहिली.
मग पदर तोंडात कोंबून हसत सुटली,
हसता हसता रडली, परत हसली.
पुढच्या रविवारी
तिनेही चप्पल घातली.

मार्चमध्ये पप्पा गेले.
त्या फाटकाशीही रांग असणार,
हात वर, खिसे उलटे.
चौतीस वर्षं रिकाम्या खिशाने बाहेर पडायचा सराव.
मला नाही वाटत ते बिचकले असतील.

माझ्या पर्समध्ये
गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या हप्त्यांचा कागद आहे:
दोनशे चाळीस, पैकी एकसष्ट भरलेले.
आणि त्याच कप्प्यात, का ते विचारू नका,
घासून गुळगुळीत झालेलं नेलकटर.

आज रविवार. सिव्हिलच्या दारात रखवालदार विचारतो,
"कुणाला भेटायचंय?"
मला नाव सांगता येईना.
उगाच पर्स उघडून पुढे धरली.
त्याने आत वाकून बघितलं,
म्हणाला, "काही नाही. जा."